डुकराच्या पिल्लाला ओवा घालावा काय?

मागं एकदा एका मित्राबरोबर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत गेलो होतो, त्याला ओवा घ्यायचा होता, पाच किलो. दुकानदार वजन करता करता म्हणला, "काय दादा, घरात लग्नकार्य हाय काय?" मित्र म्हणला, "न्हाई ओ, डुकराच्या पिल्लांस्नी घालायचाय." दुकानदार पिशवीची गाठ मारायची थांबला आणि आमच्या तोंडाकडं बघतच बसला.

मित्राचं कागल भागात छोटं पिग फार्म आहे, लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या बारा माद्या. त्याचं रडगाणं एकच, पिल्लं आईखाली असताना अगदी टुमटुमीत असतात आणि दूध तोडलं की चार-पाच दिवसांत हगवण लागते, पाठीचा कणा दिसायला लागतो, एखाददुसरं जातं. कुणीतरी त्याला मोबाईलवर सांगितलं की खाद्यात ओवा, लसूण, हळद घाल, औषध लागणार नाही. हे सांगणारा पूर्ण खोटं बोलत नव्हता, पण पूर्ण खरंही नाही, आणि मधली गोष्ट लय इंटरेस्टिंग आहे म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी त्या पिल्लाचं काय होतं ते बघू. मोकळ्यावर राहणारी डुकरीण पिल्लांना तीन-चार महिने घेऊन हळूहळू दुधावरनं काढते, आणि आपण फार्मवर २१ ते २८ दिवसांत एका सकाळी काढतो. त्याच दिवशी आई गेली, दूध गेलं, दुधातनं मिळणाऱ्या अँटीबॉडी गेल्या, शेड बदललं, दुसऱ्या वेतातली अनोळखी पिल्लं अंगावर आली आणि समोर काय तर कोरडा मका आणि सोयापेंड. बरीच पिल्लं पहिला दिवस-दीड दिवस नीट खातच नाहीत.

आणि गोची इथंच आहे. लहान आतड्याचं आतलं अस्तर नव्या टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक धाग्यांसारखे उंचवटे, त्यामुळं अन्न शोषायला प्रचंड जागा मिळते. ह्या धाग्यांच्या पेशी आपलं बरंचसं पोट वरनं जाणाऱ्या अन्नावरच भरतात, रक्तातनं येईल त्याची वाट बघत बसत नाहीत. पिल्लू उपाशी म्हणजे अस्तर पण उपाशी. मग एक-दोन दिवसांतच धागे आखूड होतात, टॉवेल धुऊन धुऊन झिजल्यासारखा होतो, आणि त्यात दोन पेशींच्या मधले सांधे ताणामुळं ढिले पडतात. नंतर भूक लागली की पिल्लू एकदम हाणतं, न पचलेलं प्रोटीन तसंच खाली सरकतं आणि तिथल्या जंतूंची पंगत बसते.

जठराचं अजून वेगळंच. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या पोटात दुधातल्या साखरेचं लॅक्टिक ॲसिड होतं, त्यामुळं पोट आंबट राहतं आणि बरेच जंतू वरच मरतात. दूध बंद झालं की हे ॲसिड कमी, पिल्लाचं स्वतःचं ॲसिड अजून पुरेसं तयार होत नाही, आणि वर आपण खाद्यात कॅल्शियमसाठी चुनखडीची पावडर टाकतो, ती उरलेलं ॲसिड पण खाऊन टाकते.

आता ई. कोलाय ह्या आतड्यातल्या जंतूची एक जात येते. तिच्या अंगावर हुकासारखे तंतू असतात, शास्त्रज्ञ त्यांना एफ४ आणि एफ१८ म्हणतात. ह्या हुकांनी ती आतड्याला चिकटते आणि विष सोडते. हे विष आतडं फाडत वगैरे नाही, फक्त पेशींमधला पाण्याचा नळ उघडा सोडतं. त्यातलं एक विष तर कॉलऱ्याच्या विषाचं सख्खं भावंड शोभेल इतकं सारखं आहे. पिल्लू मरतं ते पाणी कमी पडून, म्हणून हगवणीत ओआरएसचं पाणी माणसाच्या पोराइतकंच डुकराच्या पोरालाही तारतं. गंमत म्हणजे काही पिल्लांच्या आतड्यावर एफ४ हुक अडकायला जागाच नसते, जन्मतःच, त्यामुळं एकाच वेतातलं एक पिल्लू झिजतं आणि शेजारचं मजेत फिरतं.

ह्यावर आजवर दोन उपाय जोरात चालले. एक, खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक. पण २०१५ ला चीनमध्ये डुकरांतल्या ई. कोलायमध्ये असा जीन सापडला की जो कोलिस्टिनला दाद देत नाही आणि एका जंतूकडनं दुसऱ्या जंतूकडं उसना जातो. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतल्या माणसांसाठी राखून ठेवलेलं शेवटच्या फळीतलं औषध. भारतानं जुलै २०१९ मध्ये जनावरांच्या खाद्यात आणि उपचारात त्याच्यावर बंदी घातली. युरोपनं तर वाढीसाठीची सगळी अँटिबायोटिकं १ जानेवारी २००६ पासूनच बंद केली होती.

दुसरा उपाय झिंक ऑक्साईड. १९८९ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये दिसलं की खाद्यात २५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५०० भाग) आसपास झिंक ऑक्साईड घातलं की हगवण भलतीच कमी होते. पिल्लाची गरज साधारण १०० पीपीएमची, म्हणजे बाकीचं बहुतेक सगळं मागनं बाहेर पडतं आणि शेणखतातनं रानात जातं. आपल्याकडं खत उसाला जातं, आणि झिंक कुजून नाहीसं होत नाही, साठत जातं. शिवाय झिंकला सरावलेले जंतू बऱ्याचदा अँटिबायोटिकलाही सरावलेले निघतात. जून २०२२ मध्ये युरोपनं औषधी डोसचं झिंक पण बंद केलं. तेव्हापासून सगळे वनस्पतींकडं वळले, आणि आमचा मित्र ओव्याकडं.

ओव्याला जो वास येतो तो थायमॉलचा. थायमॉल आणि पिझ्झावरच्या ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल ही भावंडं जंतूच्या पापुद्र्याला भोकं पाडतात, प्रयोगशाळेत ई. कोलाय सरळ मरतो. पण हिशोब करून बघा. ओव्यात तेल २ ते ४ टक्के, त्यात थायमॉल साधारण ३५ ते ६० टक्के. १०० किलो खाद्यात एक किलो ओवा घातला तर थायमॉल होतं ७० ते २४० पीपीएम, आणि प्रयोगशाळेच्या बशीतल्या जंतूला मारायला बहुतेक वेळा काहीशे पीपीएम लागतात, ते पण बशीत, जिथं पेंड नाही, चरबी नाही, आतडं नाही. मग डोस वाढवायचा काय? डुकराचं नाक आणि जीभ आपल्यापेक्षा तिखट, वास जास्त झाला की पिल्लू तोंड फिरवतं, आणि न खाणं हेच तर सगळ्या दुखण्याचं मूळ.

शिवाय थायमॉल जठरात आणि आतड्याच्या सुरुवातीलाच बहुतेक शोषलं जातं, जंतू बसलेत खाली आणि औषध उतरलं आधीच्या स्टॉपला. म्हणून कंपन्या ते घट्ट वनस्पती तुपाच्या बारीक दाण्यांत बंद करून देतात, आतड्यात चरबी पचेल तसं ते सुटत जातं. साध्या कुटलेल्या ओव्याला ही सोय नाही.

लसणाचं तर कोल्हापूरकरांना सांगायला नकोच. ठेच्यातला कच्चा लसूण चरचरतो आणि फोडणीतला लाल झालेला गोड लागतो, तोच मुद्दा. झोंबणारं ॲलिसिन लसूण ठेचल्यावर एका एन्झाईममुळं तयार होतं, आणि उष्णता लागली की एन्झाईम संपलं. मशीनमध्ये खाद्याच्या गोळ्या (पेलेट) काढताना खाद्य ७०-८० अंशांपर्यंत तापतं, लसूण त्यात आधीच टाकला तर फोडणी झाली म्हणायची. हळदीचं मात्र उलटं. सांगलीची हळद कितीही भारी असली तरी तिच्यातलं करक्युमिन रक्तात फारसं उतरत नाही अशी माणसांच्या बाबतीत तक्रार असते, इथं ते आतड्यातच राहिलेलं बरं, कारण सूज तिथंच आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट कच्च्या बेलफळाची. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या लोकांनी २००९ मध्ये त्याच्या काढ्यावर काम छापलं. तपासलेल्या बॅक्टेरियांपैकी एकही काढ्यानं मेला नाही, पण त्यांचं पेशींना चिकटणं कमी झालं, आणि ते कॉलऱ्यासारखं विष पेशीला नीट धरेना. दुसऱ्या प्रकारच्या विषावर काही परिणाम नाही, हे पण त्यांनी सरळ लिहिलंय. काम डुकरावर झालेलं नाही, प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर आहे. पण ह्यातनं मला वाटतं की 'जंतू मारणारं' म्हणून झाडपाल्याकडं बघणंच थोडं चुकतंय. खाद्यातल्या डोसला त्याचा उपयोग झाला तर तो चिकटू न देण्यात, सूज उतरवण्यात, पाचक रस सुटण्यात होईल, आणि ते हळू चालणारं काम आहे.

म्हणून मित्राला म्हणलं, ओवा घाल, पण आधी पिल्लू खाईल ते बघ. आईखाली असतानाच दहाव्या दिवसापासनं थोडं थोडं क्रीप फीड, म्हणजे दूधपित्या पिल्लांचं खाद्य, ठेव, तोडल्यावर पहिले तीन-चार दिवस कोमट पाण्यात लापशीसारखं करून दिवसातनं पाच-सहा वेळा दे, सोयापेंड जरा कमी कर, चुनखडी कमी कर, वेतं मिसळू नकोस. आणि हॉटेलचं उरलेलं घालत असशील तर चांगलं उकळून घाल, असल्या खरकट्यातनं पसरणारा डुकरांचा रोग आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० ला भारतात आलाय, त्याला ओवा पण नाही आणि दुसरं औषध पण नाही.

त्यानं दोन वेतं घेतली, प्रत्येक वेतातली निम्मी पिल्लं ओव्याच्या खाद्यावर आणि निम्मी बिनओव्याच्या, लापशी सगळ्यांना. हगवण दोन्हीकडं कमी झाली. म्हणला, "मग ओव्यानं काय केलं?" म्हणलं, वीस-बावीस पिल्लांत काय कळतंय भावा, अजून पाच-सहा वेतं होऊ दे. डुकरिणीचे दिवस तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, त्यामुळं पुढची पिल्लं यायला वेळ आहे, आणि उरलेला ओवा वहिनींनी कधीच स्वयंपाकघरात नेलाय.