'मस्ट' वापरताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून इंग्रजी पत्रे, करार आणि सूचनाफलक लिहून घेणारे बरेच ग्राहक तयार मसुद्यात पुढे स्वतःच लहानसहान बदल करतात. त्याला आमची हरकत नाही; मात्र 'मस्ट' या सहायक क्रियापदाला हात लावताना सावधगिरी बाळगावी.

'यू मस्ट साइन द फॉर्म' आणि 'यू हॅव टू साइन द फॉर्म' या दोन्ही वाक्यांतून सही करणे बंधनकारक आहे असेच कळते. पहिल्यात सांगणाऱ्याचा आग्रह आणि दुसऱ्यात बाहेरचा नियम असा भेद व्याकरणात सांगितला जातो, पण व्यवहारात तो काटेकोरपणे पाळला जात नाही. नकार आला की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात : 'यू मस्ट नॉट साइन' म्हणजे सही करता कामा नये, तर 'यू डोन्ट हॅव टू साइन' म्हणजे सही करण्याची गरज नाही, केली तरी चालेल. अर्जातील एखादा रकाना ऐच्छिक आहे हे सांगण्यासाठी 'मस्ट नॉट' लिहिले, तर तो रकाना भरण्यास मनाई आहे असे समजून वाचणारा तो कोराच ठेवील. आमच्या मते 'मस्ट'ची सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

रचनेचे नियम थोडके आहेत. 'मस्ट'नंतर 'टू' येत नाही आणि कर्ता 'ही' किंवा 'शी' असला तरी 'मस्ट'ला 'एस' लागत नाही. बंधनाच्या अर्थी त्याचे भूतकाळी रूप नाही, कारण हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीतील एका क्रियापदाचे भूतकाळी रूप होता आणि पुढे तोच वर्तमानकाळासाठी रूढ झाला. म्हणून 'मला जावे लागले' यासाठी 'आय हॅड टू गो' असेच लिहावे.

'शी मस्ट हॅव गॉन' हे वाक्य बरोबर असले, तरी त्याचा अर्थ 'ती गेली असणार' असा होतो. तेथे बंधन नसून अनुमान असते. मराठीतील 'तो घरी असला पाहिजे' या वाक्यातही हे दोन्ही अर्थ संभवतात, त्यामुळे 'ही मस्ट बी ॲट होम' समजणे आपल्याला जड जात नाही. त्याच अनुमानाचा नकार, म्हणजे 'तो घरी नसणार', इंग्रजीत सहसा 'ही कान्ट बी ॲट होम' असा होतो.

स्वराचाही विचार करावा. 'यू मस्ट कम टू डिनर' हे आपुलकीचे आमंत्रण ठरते, पण थकबाकीच्या पहिल्याच स्मरणपत्रात 'यू मस्ट पे' लिहिल्यास ते दटावणीसारखे वाटते. तेथे 'प्लीज पे' पुरेसे आहे. करारात मात्र 'मस्ट' शोभते. जुन्या मसुद्यातील 'शॅल' काढून 'मस्ट' घालायचे असल्यास तो बदल सर्व कलमांत एकसारखा करावा, अन्यथा या दोन शब्दांत काही भेद अभिप्रेत आहे की काय, अशी शंका समोरच्या पक्षाला येऊ शकते.