‘बेकहॅमची’ आणि ‘बेकहॅमवरची’: दोन डॉक्युमेंटरींमधला फरक

डेव्हिड बेकहॅमची मालिका बघितलेल्या बहुतेकांना तो प्रसंग आठवत असेल. त्याची बायको व्हिक्टोरिया कॅमेऱ्यासमोर बसून सांगतेय, की आम्ही दोघंही कष्टकरी घरांतले. तेवढ्यात मागचं दार किलकिलं होतं आणि डेव्हिडचं डोकं आत येतं. खरं सांग, शाळेत सोडायला तुझे वडील कुठली गाडी आणायचे? ती टाळते, तो हटत नाही, शेवटी ती कबूल करते की रोल्स-रॉइस होती. आमच्या घरी सगळे खळखळून हसले. आतेबहीण म्हणाली, “किती प्रामाणिक आहेत गं हे दोघं!”

मी मात्र त्या दारापाशी अडले. ते दार त्यांचं स्वतःचं आहे. नेटफ्लिक्सच्या 2023 च्या या चार भागांच्या निर्मितीत स्टुडिओ 99 आहे, आणि ती कंपनी खुद्द बेकहॅमची. प्रसंग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या लग्नाला हादरवणाऱ्या बातम्यांचा काळ मालिकेत येतो तेव्हा दोघंही हळवी होऊन बोलतात, आणि डेव्हिडशी संबंध असल्याचा दावा करणारी जी बाई त्या बातम्यांमागे होती तिचं नावसुद्धा येत नाही. तिला काय म्हणायचं होतं, हे विचारणारं तिथे कुणी नाही.

मराठीने हा फरक दोन अक्षरांत सोपा करून ठेवलाय. एक असते बेकहॅमची डॉक्युमेंटरी, दुसरी बेकहॅमवरची. बोलताना आपण दोन्ही सर्रास एकाच अर्थाने वापरतो आणि मग “बघितलीस का? सगळं खरं बाहेर आलं!” असं म्हणून मोकळे होतो. पुस्तकांच्या बाबतीत आपला असा गोंधळ होत नाही. आत्मचरित्र हातात घेतलं की ही एका माणसाची बाजू आहे हे धरूनच आपण वाचतो, आणि चरित्रकाराकडून वेगळी अपेक्षा ठेवतो. ‘ची’ डॉक्युमेंटरीची अडचण अशी, की ती असते आत्मचरित्र आणि दिसते चरित्रासारखी. बाहेरचा दिग्दर्शक, जुनी कात्रणं, मित्र, विरोधक, सगळा सरंजाम तोच.

म्हणून ‘ची’ टाकाऊ ठरते असं नाही. मायकल जॉर्डनची ‘द लास्ट डान्स’ (2020) घ्या. 1997-98 च्या हंगामात त्याच्या बास्केटबॉल संघासोबत, शिकागो बुल्ससोबत, एक कॅमेरा-पथक सतत फिरलं होतं, आणि जॉर्डनच्या परवानगीशिवाय ते चित्रण वापरायचं नाही असं ठरलेलं होतं. ते वीसेक वर्षं पडून राहिलं. त्याने होकार दिला म्हणून आपल्याला ड्रेसिंग रूममधला तो जॉर्डन दिसला, सहकाऱ्यांना बोचकारणारा, हरणं सहन न होणारा. पण त्या होकाराची किंमत होती. त्याची कंपनी निर्मितीत भागीदार होती. ज्याच्याशिवाय ते विजय झालेच नसते त्या सहकारी स्कॉटी पिपेनने पुढे उघड नाराजी सांगितली, की दहा भाग जॉर्डनच्याच गौरवाला वाहिलेत. मला ती मालिका अजूनही फार आवडते. फक्त पिपेनबद्दल मत बनवायचं असेल, तर ती पुरावा म्हणून मी धरणार नाही.

आता ‘वरची’. अमेरिकेत जानेवारी 2019 मध्ये ‘सर्व्हायव्हिंग आर. केली’ आली. गायक आर. केलीवर वर्षानुवर्षं मुलींच्या शोषणाचे आरोप होते, शिकागोतल्या पत्रकाराने 2000 पासून ते छापले होते, आणि 2008 च्या खटल्यात तो निर्दोष सुटला होता. मालिकेत बायका एकामागून एक समोर बसून बोलल्या. काही दिवसांतच शिकागोच्या सरकारी वकिलांनी पीडितांना पुढे येण्याचं जाहीर आवाहन केलं, फेब्रुवारीत आरोप ठेवले गेले, न्यूयॉर्कच्या खटल्यात 2021 मध्ये तो दोषी ठरला आणि 2022 मध्ये 30 वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या संमतीने अशी मालिका निघाली असती का?

तरीही ‘वरची’ म्हणजे आपोआप निःपक्ष, असं नाही. मायकल जॅक्सनवरची ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ (2019) सुमारे चार तास, जॅक्सनने लहानपणी शोषण केलं असं सांगणाऱ्या दोन पुरुषांचं आणि त्यांच्या कुटुंबीयांचं म्हणणं ऐकवते. उलट बाजू त्यात जवळजवळ नाही. रॅपर शॉन कोम्ब्सवरच्या 2025 च्या मालिकेच्या कार्यकारी निर्मात्यांत 50 सेंट हा दुसरा रॅपर आहे, आणि या दोघांचं वैर जगजाहीर आहे. मालिकेतल्या साक्षी त्यामुळे खोट्या ठरत नाहीत, पण ही गोष्ट माहीत असलेली बरी.

ओळखायचं कसं? शेवटचा भाग संपला की पडदा आक्रसून कोपऱ्यात जातो आणि पुढचं काहीतरी सुरू व्हायला लागतं. नेमकं तेव्हा रिमोट हातात घ्या आणि श्रेयनामावली पूर्ण बघा. निर्मात्यांत स्टारचं, त्याच्या बायकोमुलांचं किंवा व्यवस्थापकाचं नाव आहे का ते शोधा. दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं येतात: अमक्यांनी आरोप फेटाळले आहेत, तमक्यांनी प्रतिसाद दिला नाही. ही पाटी बहुतेक वेळा ‘वरची’मध्येच असते, कारण तिथे कुणालातरी प्रश्न पाठवलेले असतात.

आपल्याकडे गाजतात त्या बहुतेक ‘ची’. सलीम-जावेदच्या ‘अँग्री यंग मेन’च्या (2024) निर्मात्यांत दोघांच्याही मुलांच्या कंपन्या आहेत. नयनताराच्या डॉक्युमेंटरीत एका सिनेमाच्या सेटवरचं तीन सेकंदांचं चित्रण आलं, तर त्या सिनेमाचा निर्माता धनुष याच्या बाजूने 10 कोटींची नोटीस गेली. स्टारच्या स्वतःच्या फिल्मला हे सोसावं लागतं, तर बाहेरच्या दिग्दर्शकाने जुनी दृश्यं आणायची कुठून? शिवाय कोर्ट. मुलगी शीना बोरा हिच्या खुनाचा आरोप असलेल्या इंद्राणी मुखर्जीवरची मालिका फेब्रुवारी 2024 मध्ये यायची होती. सीबीआय मुंबई उच्च न्यायालयात गेली, न्यायमूर्तींसाठी आधी ती दाखवली गेली, खटल्याला बाधक काही नाही असं ठरलं आणि 29 तारखेला ती आली. इंद्राणी स्वतः तीत बोलतात आणि आरोप नाकारतात. म्हणजे मालिका ‘वरची’ असूनही सर्वांत मोठा आवाज त्यांचाच. अशा मालिकेत शीना बोराच्या वाट्याला किती मिनिटं आली, हे मी मोजत बसते, कारण ती आता कुठल्याच मुलाखतीला बसू शकत नाही.

‘वरची’ची ‘ची’ होते, तेही एकदा झालंय. ओ. जे. सिम्पसनवरच्या फिल्मसाठी ऑस्कर मिळालेल्या एझ्रा एडलमनने गायक प्रिन्सवर नऊ तासांची डॉक्युमेंटरी केली. प्रिन्सच्या तिजोरीतला खजिना त्याला उघडून मिळाला होता, आणि त्याने प्रिन्सच्या प्रतिभेसोबत त्याच्या वागण्याने दुखावलेल्या माणसांचंही ऐकलं. प्रिन्सच्या वारशाचा कारभार बघणाऱ्यांनी हरकत घेतली. फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झालं, की ती प्रदर्शित होणार नाही आणि प्रिन्सच्या वारशाचे कारभारी त्याच खजिन्यातून स्वतःची नवी डॉक्युमेंटरी करतील. ती येईल तेव्हा आपण सगळे बघू आणि त्यावर बोलू. एडलमनची मात्र आजवर मोजक्याच लोकांनी पाहिली आहे.