पीएच पट्टी, लघवी आणि ताटातलं अन्न

आमच्या पीएच पट्ट्या, म्हणजे आम्लता मोजणाऱ्या पट्ट्या, नेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्या पाणी, माती किंवा माशांची टाकी तपासायला वापरतात. अलीकडे मात्र लघवी तपासण्यासाठी नेणारेही वाढलेत आणि त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "सकाळी पट्टी साडेपाच दाखवते. अंगात ॲसिड वाढलंय का? अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, खाणं सुरू करू का?"

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. रात्रभर साठलेली सकाळची लघवी आम्लधर्मी असणं अगदी नेहमीचं आहे. जेवणानंतर काही वेळ तिचा पीएच वर जातो, मग पुन्हा उतरतो. निरोगी माणसात तो ४.५ ते ८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तेव्हा साडेपाच दिसलं म्हणून घाबरू नका आणि साडेसात दिसलं म्हणून हुरळूनही जाऊ नका.

पट्टी रक्ताबद्दल बोलत नाही

पीएचची मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते, हे विसरू नका. ५ आणि ६ यांत दिसतं त्यापेक्षा खूप मोठं अंतर आहे.

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या जागेत राहतो आणि तुम्ही आज काय जेवलात यावर तो ठरत नाही. त्याची राखण फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. फुप्फुसं रोज सुमारे १५,००० मिलिमोल (रसायनशास्त्रातलं प्रमाणाचं एकक) कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर टाकतात. त्यापुढे जेवणातून उरणारं, श्वासावाटे न जाणारं आम्ल किरकोळच: ६० किलोच्या माणसात दिवसाला साधारण ६० मिलिइक्विव्हॅलंट (इथे मिलिमोलएवढंच एकक). ते मूत्रपिंडं लघवीतून काढून टाकतात. म्हणजे आम्लधर्मी लघवी हा मूत्रपिंडं आपलं काम करत असल्याचा पुरावा आहे. रक्ताचाच पीएच खरोखर घसरतो तेव्हा, उदाहरणार्थ मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्लं साठतात तेव्हा), माणसाला तातडीनं रुग्णालयात न्यावं लागतं आणि तिथे धमनीतलं रक्त तपासतात. घरच्या पट्टीनं ते कळत नाही.

मग आंबट लिंबू अल्कलाइन कसं?

लिंबाच्या रसात पट्टी बुडवा, २ च्या आसपास येईल. तरीही अल्कलाइन पदार्थांच्या तक्त्यात लिंबू पहिल्या ओळींत असतं, आणि त्यात लबाडी नाही. हे तक्ते पदार्थाची चव किंवा त्याचा स्वतःचा पीएच सांगत नाहीत. तो पचल्यावर मूत्रपिंडांकडे काय पोचतं, ते सांगतात. लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीर जाळून टाकतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. सायट्रेटच्या रूपात पोटॅशियमसोबत आलेला भाग जळताना बायकार्बोनेट मागे ठेवतो, म्हणजे अल्क. उलट मांस, मासे, अंडी, चीज, धान्यं यांच्या प्रथिनांत गंधक असलेली अमिनो आम्लं असतात. ती जळली की सल्फ्यूरिक आम्ल तयार होतं.

पूर्वी यासाठी अन्न जाळून त्याची राख तपासत. आता हिशेब प्रथिनं, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांवरून करतात. जर्मनीतल्या रेमर आणि मान्झ यांनी १९९५ साली दिलेला तक्ता आजही वापरात आहे. त्यात उणे म्हणजे अल्क आणि अधिक म्हणजे आम्ल, मिलिइक्विव्हॅलंटमध्ये: १०० ग्रॅममागे मनुका उणे २१, पालक उणे १४, लिंबाचा रस उणे २.५ असा आहे. अंड्याचा पिवळा बलक अधिक २३ आणि परमेझान चीज तर अधिक ३४. दूध जवळपास शून्यावर. आकडे १०० ग्रॅमचे आहेत हेही लक्षात घ्या. एवढं परमेझान एका बैठकीत कोण खातं!

या तक्त्यांचा आम्हाला खटकणारा वापर एकच. त्यांच्यावर बोट ठेवून लोक भात, गहू, मसूर, अंडी ताटातून हद्दपार करतात. भाज्या आणि फळं भरपूर खा, नक्की खा, पण त्यांचा फायदा पोटॅशियम, तंतू आणि जीवनसत्त्वांमुळे आहे. त्यासाठी रक्त 'अल्कलाइन' व्हावं लागत नाही आणि होतही नाही. आम्ल निष्प्रभ करायला हाडांतलं कॅल्शियम खर्ची पडतं, ही समजूतही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात टिकली नाही. हाडांना प्रथिनं लागतातच. आणि अल्कलाइन खाण्यानं कर्करोग बरा होतो असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. गाठीभोवतीची आम्लता गाठ स्वतःच तयार करते, ती जेवणातून येत नाही.

अल्कलाइन पाणी आणि खाण्याचा सोडा

पट्ट्यांबरोबर पाण्याचं यंत्रही ठेवा, असा आग्रह आम्हाला होतो. आम्ही ठेवत नाही, कारण हिशेब जमत नाही. खनिजं फारशी नसलेल्या, पीएच ९ च्या एक लिटर पाण्यातला अल्क संपवायला पीएच २ चा जठररस फक्त एक मिलिलिटर पुरतो. जठर दिवसाला लिटर-दीड लिटर रस सोडतं.

सोड्याचं तसं नाही, तो खरंच परिणाम करतो, म्हणूनच जपून. चहाच्या एका सपाट चमच्यात १,२०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २,००० आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर लघवीचा आकडा वाढवण्यासाठी सोडा पिण्याच्या भानगडीत पडू नका.

कुठे खरंच फरक पडतो

दातांना पदार्थाचा स्वतःचा पीएच थेट लागतो. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचं कवच झिजू लागतं. रोज लिंबूपाणी घोट घोट तासभर पिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: एकदाच पिऊन टाका, साध्या पाण्यानं चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश करू नका.

छातीतली जळजळ आणि आंबट ढेकर हा जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा त्रास आहे. त्याचं लघवीच्या आकड्याशी काही नातं नाही.

मुतखड्याचं मात्र आहे. युरिक आम्लाचा खडा ५.५ पेक्षा कमी पीएचच्या लघवीत धरतो, म्हणून डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देऊन पीएच वर नेतात. पण फार वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होऊ शकतात. म्हणजे खडा कोणता, हे कळल्याशिवाय 'जास्त अल्कलाइन तेवढं चांगलं' म्हणणं धोक्याचं. मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांना फळं-भाज्या वाढवून आम्लाचा भार कमी करता येतो. पण त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठण्याची भीती असते, तेव्हा ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

डॉक्टरांनी सांगितल्यामुळे पट्टी वापरत असाल तर लघवी ताजी घ्या. भांड्यात तशीच राहिली की जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि आकडा उगाच वर दिसतो. पट्टी क्षणभर बुडवा, झटका आणि डबीवर लिहिलेल्या वेळेत दिवसाच्या उजेडात रंग जुळवा. झाकण लगेच लावा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. आकड्याशेजारी वेळ आणि जेवणाआधी की नंतर, तेही लिहा. वही डॉक्टरांना दाखवा. गोळीचा डोस पट्टी पाहून स्वतः बदलू नका.