नाशिकचे दैनंदिन जीवन : नदीपासून नळापर्यंत

गोदावरीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या नाशिक शहरात गेल्या सुमारे शंभर वर्षांत घर, पाणी, भांडीकुंडी, काम आणि ये-जा यांत मोठे बदल झाले. नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात आणि रामकुंडाच्या बाजूला जाणे म्हणजे ‘गंगेवर जाणे’. १९२५ च्या आसपास गंगेवर जाणे हे जुन्या गावातल्या बहुतेक घरांचे रोजचे काम होते. आज ते दशक्रिया, पर्वणी, पाहुण्यांना घाट दाखवणे अशा प्रसंगांपुरते उरले आहे. शहराच्या जगण्यात जे काही बदलले, त्याचा सर्वांत मोठा धागा हाच आहे.

वाडा आणि पाणी

जुने नाशिक टेकाडांवर वसले आहे. तिवंधा, भद्रकाली, सोमवार पेठ, सराफ बाजार, दहीपूल आणि नदीपलीकडे पंचवटी अशा भागांतून अरुंद गल्ल्या चढत-उतरत घाटाकडे जात. दोन्ही बाजूंना वाडे असत. खाली दगडी जोते, वर विटामातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, मधे उघडा चौक. वाडा एका कुटुंबाचा असला तरी त्यात बिऱ्हाडे अनेक असत. ओसरीवर पुरुषांची बैठक, माजघरात बायकांची कामे, चौकात वाळवणे आणि मुलांचे खेळ. तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत यात्रेकरू उतरत. त्यांच्या घराण्यांची नावे उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात. यात्रेकरू आता लॉजवर किंवा धर्मशाळेत उतरतात, वह्या मात्र अजून उघडल्या जातात आणि आजोबा-पणजोबांच्या हातची सही दाखवली जाते.

वाड्यात आड असला तर रहाटाने पाणी काढायचे, नाही तर डोक्यावर चुंभळ ठेवून हंडा-कळशी नदीवरून आणायची. धुणेही घाटावरच. पाणी आणणे हे जवळजवळ सर्वस्वी बायकांचे काम होते आणि घरात किती माणसे आहेत यावर बाईच्या दिवसाचा आकार ठरे. घाटावरच्या पायऱ्या हीच तिची घराबाहेरची हक्काची जागा होती. माहेरच्या बातम्या, सोयरिकी, सासरच्या तक्रारी तिथे बोलल्या जात. नळाने तिचे कष्ट वाचवले आणि त्याचे मोल मोठे आहे. हंडे वाहून मान आणि कंबर धरलेल्या बाईला जुन्या दिवसांचे कौतुक ऐकवू नये.

पाण्याभोवती एक अख्खा धंदा उभा होता. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिक प्रसिद्ध होते आणि आजही भांडी बाजार आणि तांबट लेन ही नावे टिकून आहेत. हंडा, घागर, कळशी, घंगाळ, पाणी तापवायचा बंब ही सगळी भांडी ठोकून घडवली जात. तांबट लेनमधून जाताना हातोड्यांची ठकठक ऐकू येई. भांडी चिंचेने किंवा राखेने घासायची, पितळी पातेल्यांना ठराविक काळाने कल्हई लावून घ्यायची, आणि मुलीच्या लग्नात रुखवतासोबत बंब द्यायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी स्टेनलेस स्टील, मग प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. नळ घरात आल्यावर पाणी साठवायचे भांडे डोक्यावर घेण्याजोगे असण्याची गरजच उरली नाही. गॅस आणि गिझरने बंब माळ्यावर गेला आणि कल्हईवाल्याची हाळी थांबली. तांबटांची दुकाने उरली ती मुख्यतः पूजेच्या भांड्यांवर आणि शोभेच्या वस्तूंवर.

नदी गावाची असली तरी घाट आणि देऊळ सर्वांना सारखे खुले नव्हते. पंचवटीतल्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे स्थानिक आधारस्तंभ होते. मंदिराची दारे बंद ठेवण्यात आली आणि लढा काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. शंभर वर्षांपूर्वीच्या नाशिकचे वर्णन करताना वाड्यांची नक्षी सांगायची आणि ही बंद दारे वगळायची, असे करता येत नाही.

प्रेस, कंपनी आणि सिडको

गावाचा दिवस देवळातल्या आरत्यांनी आणि बाजाराच्या वेळांनी चाले. त्यात घड्याळाची शिस्त आणली ती नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांनी. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये आणि करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये सुरू झाली. पूर्वी इंग्लंडमधून छापून येणारी टपाल तिकिटे येथे छापली जाऊ लागली. प्रेसमध्ये लागणे म्हणजे महिन्याचा पगार, क्वार्टर आणि पेन्शन. यात्रेकरूंच्या दक्षिणेवर आणि शेतीच्या भरवशावर चालणाऱ्या गावाला हे नवे होते.

१९६४ मध्ये शहराजवळच्या ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि त्याच दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. पुढे अंबडची भर पडली. खानदेश, मराठवाडा आणि आसपासच्या तालुक्यांतून माणसे कामाला आली. ‘फर्स्ट’, ‘सेकंड’, ‘नाईट’ हे कामाच्या पाळ्यांचे शब्द घराघरांत रुळले. पहाटे उठून डबा करणारी आई, दुपारी झोपलेले वडील आणि ‘आवाज करू नका, नाईट आहे’ असे दटावली जाणारी मुले, हे सातपूर-अंबडच्या एका पिढीचे बालपण. १९७० च्या दशकापासून सिडको या शहरे वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने या कामगारांसाठी लहान घरांच्या योजना बांधल्या. अधिकृत नाव ‘नवीन नाशिक’ असले तरी लोक ‘सिडको’च म्हणतात. एकेका खोलीच्या त्या घरांवर पुढे मजले चढले, दारात दुचाकी आणि मग चारचाकी आली.

जुन्या गावात याच्या उलट घडत होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वाड्यांची भाडी गोठली, मालकांना डागडुजी परवडेना, वारसदार वाढले, भाडेकरू जागा सोडेनात. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि दर पावसाळ्यात एखादा वाडा किंवा भिंत कोसळल्याची बातमी येते. उरलेल्यांच्या जागी अपार्टमेंट उभ्या राहतात. चौकाऐवजी पार्किंग मिळते.

गंगापूर धरण हे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले आणि शहराची तहान नदीच्या पात्रावरून जलाशयावर गेली. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची काही गावे मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. आता दारणा आणि मुकणे धरणांतूनही पाणी येते. ‘पाणी कधी येणार’ हे विचारताना लोक नळाची वेळ विचारत असतात. तरीही २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले आणि त्यात टँकरने पाणी सोडावे लागले, तेव्हा अनेक वर्षे घाटाकडे न फिरकलेली माणसेही ते पाहायला आली.

ये-जा

नाशिकरोड स्टेशन ते गाव या वाटेवर घोड्यांची ट्राम होती. ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. मग टांगे, एसटीच्या शहर बस, रिक्षा असा क्रम लागला. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा आहे. १९७५ पासून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला नोकरीला जाऊन रात्री घरी परतणे शक्य झाले आणि पासधारकांची एक वेगळीच बिरादरी तयार झाली.

गंगेवर आता

नदीशी रोजचा संबंध तुटला, तरी काही गोष्टी घाटाने सोडलेल्या नाहीत. बुधवारचा बाजार अजून गंगेवर भरतो. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला होते. रंगपंचमीला तिवंधा, शनी चौक अशा ठिकाणच्या रहाडी, म्हणजे वर्षभर फळ्या आणि मातीखाली बुजवून ठेवलेले दगडी हौद, उघडल्या जातात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, आणि त्या दिवशी उपनगरांत राहायला गेलेली मुले रहाडीत उडी मारायला आपल्या जुन्या गल्लीत परततात.

पुराचे मोजमापही जुनेच आहे. धरणातून किती क्युसेक विसर्ग सुटला हे मोबाइलवर कळते, पण १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर नाशिककर सांगतात ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवरून. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवू लागतात, छातीला लागले की पुलावर गर्दी होते, आणि दूर सिडकोतल्या फ्लॅटमधून फोन येतो : “मारुती बुडाला का?”