उद्योजकांच्या फोरमचे नियम कुठून आले

महिन्यातून एकदा अर्धा दिवस सात-आठ उद्योजक बंद खोलीत बसतात आणि एरवी कोणापुढे बोलता येत नाही ते बोलतात. भावाबरोबरची भागीदारी मोडायची आहे, मोठा ग्राहक पैसे थकवतो आहे, मुलाला धंद्यात यायचं नाही. सभासद या गटाला ‘फोरम’ म्हणतात. उशिराला दंड, फोन बाहेर, सल्ला द्यायला मनाई, हे त्याचे नियम नवख्याला जाचक वाटतात. पण त्यांतले बरेचसे एका माणसाने एका दिवसात बनवलेले नाहीत. ते तीनशे वर्षांत थोडे थोडे जमले आहेत.

जुना आणि स्पष्ट नोंद असलेला नमुना फिलाडेल्फियातला आहे. 1727 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन या 21 वर्षांच्या मुद्रकाने ‘जंटो’ नावाचं मंडळ जमवलं. काचकाम करणारा, जोडे शिवणारा, सुतार, जमीन मोजणारा असे लोक त्यात होते. शुक्रवारी संध्याकाळी बैठक भरे आणि 24 ठरलेले प्रश्न पुढे येत. गावात अलीकडे कोणाचा धंदा बुडाला आणि त्याचं कारण काय ऐकलं? कोणाची भरभराट झाली, ती कशामुळे? ठासून मत मांडणाऱ्याला आणि समोरच्याला थेट खोडून काढणाऱ्याला किरकोळ दंड होई. सभासद बाराच. आपापल्या मित्रांना आत घ्यायची मागणी झाली तेव्हा फ्रँकलिनने संख्या वाढवू दिली नाही. त्याऐवजी प्रत्येकाने याच नियमांवर स्वतःचा वेगळा गट काढावा असं सुचवलं, आणि तसे पाच-सहा गट निघाले. मूळ मंडळ जवळजवळ 40 वर्षं टिकलं. पुढे फ्रँकलिनला भागीदाराला मोकळं करून छापखाना एकट्याचा करायचा होता, तेव्हा पैसे जंटोतल्याच दोघा मित्रांनी दिले. आजच्या फोरमची निम्मी घडण इथे तयार दिसते: मर्यादित संख्या, ठरलेला क्रम, बोलण्यावर लगाम.

1905 मध्ये शिकागोत सुरू झालेल्या रोटरीने आणखी एक गोष्ट पक्की केली, ती म्हणजे एका व्यवसायाचा एकच सभासद. सुरुवातीच्या काळात तिथे सभासदांनी एकमेकांना किती काम दिलं याची नोंदही ठेवली जाई. रोटरीचा भर पुढे सेवेकडे वळला.

उद्योगाच्या मालकाचा एकटेपणा हा विषय म्हणून पुढे आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा रे हिकॉक 27व्या वर्षी घरच्या पट्ट्यांच्या कारखान्याचा प्रमुख झाला. त्याने 1950 मध्ये तरुण कंपनीप्रमुखांची ‘वायपीओ’ ही संघटना उभी केली. 1957 मध्ये मिलवॉकीत रॉबर्ट नूर्स यांनी ‘द एक्झिक्युटिव्ह कमिटी’ सुरू केली. तिचंच नाव 2006 पासून ‘व्हिस्टेज’. या दोन संघटनांमुळे दोन वेगळ्या वाटा तयार झाल्या. व्हिस्टेजमध्ये साधारण 12 ते 16 प्रमुखांचा गट एक पगारी अध्यक्ष चालवतो आणि प्रत्येकाला स्वतंत्रही भेटतो. वायपीओत 1970 च्या दशकात फोरम रुजला. तिथे सूत्रं सभासदांकडेच असतात आणि संचालकपद आळीपाळीने फिरतं. 1987 मध्ये व्हर्न हार्निश यांनी सुरू केलेल्या, आज ‘ईओ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्योजकांच्या संघटनेने हाच फोरम उचलला. सभासदत्वासाठी तिने वर्षाला दहा लाख डॉलरच्या उलाढालीची अट घातली. पुण्या-मुंबईत तिच्या शाखा आहेत.

सल्ल्याला मनाई का, हे नीट समजून घ्यायला हवं. ‘तू त्या मॅनेजरला काढून टाक’ असं म्हणणाऱ्याला परिणाम भोगायचे नसतात. ऐकणारा मग आपली बाजू लढवायला लागतो आणि खरी अडचण झाकलीच राहते. म्हणून फक्त ‘माझ्याकडे असं झालं तेव्हा मी हे केलं, त्याचं असं झालं’ एवढंच बोलायचं. ज्याला तसा अनुभव नाही त्याने गप्प बसायचं. ही शिस्त सर्वांत अवघड आहे आणि गट सैलावतो तेव्हा हीच आधी सुटते.

आठ जणांच्या बैठकीला चार तास लागतात. सुरुवातीला प्रत्येकी पाच मिनिटं धंदा, घर आणि स्वतःविषयी. हवापाण्याच्या गप्पा नकोत, महिन्यातल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट गोष्टी तेवढ्या सांगायच्या. मग दोन विषय, प्रत्येकी तासभर: 15-20 मिनिटं मांडणी, 10 मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न, मग प्रत्येकाचा तीन-चार मिनिटांचा अनुभव, शेवटी मांडणाऱ्याने आपण काय घेऊन चाललो ते सांगायचं. मांडणी करणाऱ्याने आदल्या आठवड्यात एका सभासदाबरोबर बसून तयारी केलेली असावी. ती नसेल तर निम्मा वेळ नेमका प्रश्न शोधण्यातच जातो.

या पद्धतीने खरंच फरक पडतो का, हे चीनच्या नानचांग शहरात तपासलं गेलं. जिंग त्साय आणि अ‍ॅडम सायडल या अर्थतज्ज्ञांनी 2,820 लहान-मोठ्या कंपन्यांतल्या काहींचे सोडत काढून गट केले आणि त्यांच्या व्यवस्थापकांना वर्षभर दरमहा भेटवलं. बाकीच्या कंपन्यांच्या तुलनेत त्यांची उलाढाल 8.1 टक्क्यांनी वाढली आणि बैठका थांबल्यानंतर वर्षभराने फरक टिकून होता. हा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलीच आणखी एक गोष्ट: गटात प्रतिस्पर्धी असले की लोक माहिती हातची राखतात. भारतातल्या 100 स्टार्टअप संस्थापकांवरच्या दुसऱ्या प्रयोगात, माणसं शिस्तीने सांभाळणाऱ्या सोबत्याचा सल्ला मिळालेल्या कंपन्या दोन वर्षांनी 28 टक्के मोठ्या निघाल्या. त्यामुळे सभासद निवडताना उलाढालीइतकंच, तो कारखाना कसा चालवतो हेही बघावं.

महाराष्ट्रात उद्योजकांनी एकत्र येण्याची परंपरा जुनी आहे. पुण्यातलं मराठा चेंबर 1934 चं. त्याचं मुख्य काम उद्योगांचे प्रश्न सरकारदरबारी मांडण्याचं. माधवराव भिडे यांच्या सॅटर्डे क्लबने मराठी उद्योजकांना एकमेकांकडून काम मिळवायला शिकवलं. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण फोरमशी त्यांची सरमिसळ करू नये. ज्याच्याकडून पुढच्या महिन्यात ऑर्डर हवी आहे, त्याच्यासमोर आपला माल परत आल्याचं कोणी सांगत नाही. म्हणून पुष्कळ फोरममध्ये सभासदांच्या आपसातल्या व्यवहारावर बंदी असते, निदान तो आधी सगळ्यांपुढे मांडायची अट असते. नातेवाईक, पुरवठादार आणि एकाच बाजारात विकणारे एका गटात घेत नाहीत.

गट मोडतो तो बहुधा गैरहजेरीने, भांडणाने क्वचितच. वर्षात दोन-तीन खाडे झाले की सभासदत्व संपतं, हा नियम पहिल्याच बैठकीत लेखी करून सगळ्यांनी सही करावी. नंतर मैत्रीच्या भिडेपोटी तो करवत नाही. वर्षभराच्या तारखा जानेवारीतच ठरवाव्यात. सभासद पाचावर आले की अनुभव अपुरे पडतात, दहाच्या वर गेले की प्रत्येकाची पाळी फार उशिरा येते. गुप्तता जोडीदारालाही लागू असते, आणि एकाने एकदा जरी बाहेर सांगितलं तरी त्याला जावं लागतं. नवा माणूस घेताना जुन्यांपैकी एकाचाही नकार पुरेसा धरावा आणि त्याचं कारण विचारू नये.