आटलेल्या नदीचा माग, आकाशातून

राजस्थानच्या हनुमानगढ जिल्ह्यातलं कालीबंगा घग्गर नदीच्या काठावर आहे म्हणतात, पण पावसाळा सोडला तर या घग्गरला पाणी असं नसतंच. तरीही १९६०च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या उत्खननात इथे हडप्पा संस्कृतीचं नगर निघालं. त्याच्याही आधीच्या काळातलं नांगरलेलं शेत निघालं. त्यात एका दिशेच्या सऱ्या दूरदूर, तर त्यांना काटकोनात छेदणाऱ्या जवळजवळ होत्या. एकाच शेतात दोन पिकं घेताना अशी नांगरट त्या भागात अगदी अलीकडेही होत असे. मग एवढा संसार कोणाच्या पाण्यावर चालला?

याचं उत्तर शोधायला उपग्रह कामी आले. जुन्या नदीचं गाडलं गेलेलं पात्र उपग्रहाला थेट दिसत नाही. वरच्या मातीवर आणि पिकावर त्याचा जो परिणाम होतो, तो दिसतो. जुन्या पात्रातली वाळू आणि गाळ आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने ओल धरतात, त्यामुळे वरचं पीक कुठे तरारतं, कुठे लवकर पिवळं पडतं. निरोगी पान ‘जवळचा अवरक्त’ (नियर-इन्फ्रारेड) प्रकाश, म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, भरपूर परावर्तित करतं. आपल्या डोळ्यांना सगळं शेत एकसारखं हिरवं दिसत असलं, तरी त्या प्रकाशात पट्टा उठून येतो.

पण एकाच छायाचित्रावर विसंबलं तर फसगत ठरलेली. कालव्याचं पाणी, नुकतीच झालेली कापणी, आदल्या दिवशीचा पाऊस, काहीही आड येतं. म्हणून ओरेंगो आणि पेट्री या संशोधकांनी लँडसॅट-५ या उपग्रहाची २८ वर्षांतली सतराशेहून अधिक चित्रं एकत्र करून तपासली. एका हंगामात लपलेली रेघ दुसऱ्या हंगामात उमटते. वायव्य भारतात त्यांना जुन्या प्रवाहांचं ८,००० किलोमीटरहून लांब जाळं मिळालं. २०१७ सालचं हे काम. एक महानदी आणि तिच्या काठची नगरं, असं सरळ चित्र डोक्यात असेल तर हे जाळं पाहून ते विस्कटतं.

आता खरी मेख. पट्टा कुठे आहे ते चित्र सांगतं, तिथे पाणी कधी वाहत होतं ते सांगत नाही. त्यासाठी खालची वाळूच काढावी लागते. वाळूचा कण गाडला गेला की भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे त्यात ऊर्जा साठत जाते, आणि ऊन लागलं की ती निघून जाते. म्हणून जमिनीतून काढलेले नमुने अंधारात, मंद लाल दिव्याखाली उघडतात. साठलेल्या ऊर्जेवरून कण शेवटचा उन्हात कधी होता ते कळतं. आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी कालीबंगाजवळ अशी वाळू काढली. ती हिमालयातून येणाऱ्या सतलजची निघाली, पण सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच सतलजने ही वाट पुरती सोडली होती. हडप्पाची नगरं भरभराटीला आली ती साधारण ४,६०० वर्षांपूर्वी. म्हणजे नगरं उभी राहिली ती मोठी नदी निघून गेल्यावर, तिच्या रिकाम्या खोऱ्यात. पुराचा धोका कमी, जमीन कसदार, आणि पावसाळी प्रवाहाचं पाणी होतंच.

यावर सगळ्यांचं एकमत नाही. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबई यांच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली मांडलं, की सुमारे ९,००० ते ४,५०० वर्षांपूर्वी घग्गर पुन्हा बारमाही होती. वाद गाळाच्या वयावर आणि उगमावर चालला आहे. घग्गर म्हणजेच वेदांतली सरस्वती, असं काही जण मानतात; पण नकाशावरची निळी रेघ दाखवून ‘सरस्वती सापडली’ म्हणणाऱ्या बातम्यांचा म्हणूनच मला कंटाळा येतो.

वस्त्या शोधायचं तंत्र याच्या जोडीने पुढे गेलं आहे. मातीच्या विटांची घरं पडून, पुन्हा बांधून जी टेकाडं होतात, ती आपल्याकडच्या पांढरीसारखी, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीसारखी, रंगाने आणि पोताने वेगळी असतात. २०२० साली पाकिस्तानातल्या चोलिस्तानात ३६,००० चौरस किलोमीटरचा भाग संगणकाने रडार आणि रंगीत उपग्रहचित्रं एकत्र वाचून धुंडाळला, आणि शेकडो नवी संभाव्य टेकाडं दाखवली. त्यातली खरी किती, हे जागेवर जाऊन खापरं वेचल्याशिवाय ठरत नाही. आणि घाई आहे, कारण शेत सपाट करणारं यंत्र असं टेकाड बघता बघता नाहीसं करतं.