हवामान-कथाशिक्षण (गोव्याच्या संदर्भात)

बदलत्या हवामानाचे संभाव्य परिणाम कथेतून शिकवण्याची पद्धत. शास्त्रीय अंदाजांत माणसे, गाव आणि कामधंदा आणून ‘असे झाले तर?’ या प्रश्नाचा माग घेतला जातो. कथा म्हणजे भाकीत नव्हे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालानुसार, १९९५–२०१४ च्या तुलनेत २१०० पर्यंत जगाची सरासरी समुद्रपातळी उत्सर्जन अगदी कमी राहिल्यास ०.२८ ते ०.५५ मीटर, तर फार जास्त राहिल्यास ०.६३ ते १.०१ मीटर वाढणे संभवते. एकाच गावाच्या दोन वेगळ्या कथा रचायला एवढी तफावत पुरते.

गोव्यात अशा कथेला खाजनाइतकी चांगली जागा नाही. मांडवी-जुवारीच्या खाड्यांकाठी बांध घालून मिळवलेली ही शेते भरतीच्या पातळीखाली असतात. ओहोटीला आतले पाणी मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाणीवाटेचे, लाकडी दार ढकलून बाहेर जाते. भरतीला खाडीचे पाणी तेच दार दाबून बंद ठेवते. खारे पाणी सोसणारे कोरगूट भात इथलेच. नवख्या कथेत बांध हमखास मध्यरात्री फुटतो. खरी गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते: समुद्र चढला की ओहोटीची पातळीही चढते, दार उघडे राहण्याचा वेळ घटतो आणि पावसाचे पाणी शेतात तुंबते. दुरुस्तीचा खर्च गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकरी संस्थेने करायचा, कुळांनी की सरकारने, हा वादही कथेत यावा. गावच्या राखणदाराला, म्हणजे रक्षक देवतेला, पात्र करायला हरकत नाही, पण मानशीची फळी काही तो बदलणार नाही.

कुर्डीचे उदाहरणही हाताशी असते. साळावली धरणात बुडालेले सांगे तालुक्यातील हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म इथला. मात्र ते हवामानबदलाने नव्हे, धरणाने बुडाले हे शिक्षकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. गाव सोडताना देऊळ, शेत, शेजार यांचे काय होते, हे विस्थापितांच्या आठवणींतून कळते. त्यापुरतेच ते उदाहरण खरे.

पद्धतीला मर्यादा आहेत. हवामान-कथा वाचणाऱ्या अमेरिकी वाचकांची अभ्यासक मॅथ्यू श्नायडर-मायर्सन यांनी केलेली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अनेकांनी या कथांशी तीव्र नकारात्मक भावना जोडल्या. त्यामुळे ‘बुडालेले पणजी’ या छापाचा विषय देण्यापेक्षा पात्रांच्या हाती एखादा निर्णय ठेवणे बरे: बांध उंचावायचा, खारफुटी वाढू द्यायची, की काही शेत खाडीला परत द्यायचे. प्रत्येक निर्णयात कोणाचे तरी नुकसान असतेच, आणि मुलांचे भांडण तिथेच रंगते. सत्तरी तालुक्यातील रणमाल्यासारख्या लोकनाट्याच्या अंगाने हे प्रसंग उभे करता येतात. मूल्यमापन करताना भाषेइतकेच पाण्याच्या वाटेला गुण द्यावेत. कथेतले पाणी भरती-ओहोटी सोडून वाहत असेल तर ते कापावेत.